चिठ्ठीमास्तरांच्या एक्केचाळीस बाटल्या

चिठ्ठीमास्तरांच्या छत्रीच्या दांड्याला एक चिठ्ठी बांधलेली असे. तिच्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं : 'क्रमांक ३. नाव : छत्री. स्थळ : गोंदिया बाजार. ओळखणारा : मी स्वतः. शेरा : एक काडी मोडलेली.' छत्रीला छत्री म्हणून ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, पण मास्तरांना रिकामा रकाना खपत नसे. कंदील, आरसा, गुळाचा डबा, चपलांचा जोड, सगळ्यांना अशा चिठ्ठ्या होत्या. घरमालकीण काकीनं एकदा आंब्याचं लोणचं दिलं, तेव्हा त्या बरणीवरही 'शेरा : खारट' असं लिहिलं गेलं. काकीला वाचता येत नव्हतं, पण तिला ते कोणीतरी वाचून दाखवलं. पुढे पंधरा दिवस आम्हाला लोणचं मिळालं नाही. ते कोणीतरी म्हणजे मीच.

'ओळखणारा' या रकान्यावर त्यांचा विशेष जीव होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाव चुकलं तं धरायचं कोनाले?" मग मी विचारलं, खोलीत सगळ्याला चिठ्ठी आहे, मलाच काऊन नाही? त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. "तुमचं अजून ठरलं नाही, गुरुजी. घाई कायले करता?" तेव्हा आम्हाला एका खोलीत राहून तीन वर्षं झाली होती.

आम्ही दोघं गोंदियाच्या एका हायस्कुलात शिकवत होतो. ते विज्ञान, मी मराठी. त्या काळी आमचा भाग मध्य प्रदेशात होता आणि मराठीच्या शिक्षकालाही बाजारात वांगी हिंदीतूनच घ्यावी लागत. मास्तर तिरोड्याकडचे, बोदलकसाच्या तलावाजवळच्या एका धान पिकवणाऱ्या घरातले. मी वर्ध्याचा. त्यामुळे काकी मास्तरांना 'तू' म्हणे आणि मला 'तुमी', कारण तिच्या लेखी वर्धा म्हणजे परदेश. काकीचं घर गाव संपून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, सुरू होतात तिथे होतं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेत तीच कसत होती. एकुलता एक मुलगा रेल्वेत फायरमन होता आणि महिन्यातून दोनदा काळं तोंड घेऊन घरी यायचा. इंजिनाची शिटी ऐकली की काकी हातातलं काम थांबवी, मग गाडी कुठलीही असो.

मास्तर डॉक्टरेटसाठी अभ्यास करत होते आणि त्यांचा विषय लांबून गवतासारखा दिसे. आमच्याकडे बोड्यांत, म्हणजे गावोगावच्या लहान तलावांत, एक रानधान आपोआप उगवतं. त्याला काकीच्या माहेरी, डोंगरगडकडे, पसहर म्हणतात. दुसरा असतो करगा. तो शेतात धानाच्या मधोमध उगवतो, फुलोरा येईपर्यंत हुबेहूब धानासारखा दिसतो, धानाचं खत खातो आणि कापणीआधी आपले दाणे जमिनीत गाळून मोकळा होतो. काकी म्हणे, "करगा धानाच्या रांगेतच उभा राहते अन् धानापेक्षा जास्त डुलते." पसहर आणि करगा एकच की दोन, आणि नुसतं बी पाहून ते वेगळे ओळखता येतील का, हा मास्तरांचा प्रश्न होता. ओळखता आले तर पेरणीआधीच बियाणं निवडून घेता येणार होतं.

त्यासाठी तीन वर्षं त्यांनी दर कार्तिकातले रविवार सायकलवर काढले होते. दरेकसाच्या जंगलातल्या बोड्यांपर्यंत ते पॅसेंजर गाडीनं जात आणि येताना धोतराला चिखल व खिशाला दाणे घेऊन येत. कंपाउंडरकडून आणलेल्या औषधाच्या एक्केचाळीस बाटल्या आमच्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. बत्तीस पसहरच्या, नऊ करग्याच्या. सबंध संध्याकाळ भिंग डोळ्याला लावून मास्तर एकेका दाण्याचं कुसळ मोजत. काकी एकदा दारात उभी राहून हे पाहत होती. "काचेतून काय पाहून राहिला गा? सुपात घाल ना." मास्तर हसले. म्हणाले, "काकी, विद्यापीठात सूप चालत नाही."

विद्यापीठात काय चालतं याची मास्तरांना चांगली माहिती होती. पस्तिशीच्या आतल्या संशोधकाच्या, त्या वर्षीच्या सर्वांत चांगल्या प्रबंधाला तिथे एक सुवर्णपदक मिळे. पदक मिळालेल्या माणसाला सरकारी धान-संशोधन फार्मवर घेत, असा आजवरचा रिवाज होता. मास्तर शाळेत हंगामी होते. दर एप्रिलमध्ये त्यांना नोकरी संपल्याचं पत्र येई आणि दर जुलैत ती पुन्हा सुरू झाल्याचं. येत्या जानेवारीत ते पस्तीस पूर्ण करणार होते, म्हणजे डिसेंबरच्या आत प्रबंध आणि बियांचे नमुने दाखल केले तरच पदकाचा विचार होणार होता. "पदक तं पेटीत पडून राहीन," ते एकदा म्हणाले, "मले फार्मवर जायचं आहे. बाप जनमभर करगा उपटत राहिला, गुरुजी. म्या पाहिलं आहे." एवढं बोलून ते पुन्हा कुसळं मोजायला लागले.

आता माझ्या वाट्याचं सांगतो. श्रावणात मास्तर प्रबंधाची प्रकरणं दाखवायला नागपूरला गेले होते आणि मी चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होतो. काकी दारात आली. "गुरुजी, उद्या छठ आहे. बाजारात पसहरचा दाना नाही. मास्तरनं बाटल्याइनं भरून ठेवलं आहे. घेऊ का?" मी मान वर न करता म्हणालो, "घ्या की. त्यांच्याकडे पुष्कळ आहे." व्याकरणाच्या दृष्टीनं या दोन्ही वाक्यांत काही दोष नाही.

छठीचा उपास आया मुलांसाठी धरतात. त्या दिवशी नांगर लागलेल्या जमिनीतला दाणा चालत नाही, म्हणून पसहरचाच भात खायचा, तोही म्हशीच्या दह्याशी. नांगराचा दाणा चुकून पोटात गेला तर उपास मोडतो आणि लेकराच्या आयुष्याला धक्का लागतो अशी समजूत. काकीनं ते पसहर एकटीनं खाल्लं नाही. गल्लीतल्या एकवीस जणींना मूठमूठ वाटलं. संध्याकाळी मी अंगणात आलो तो एक्केचाळीस बाटल्या घासूनपुसून उपड्या वाळत होत्या. लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती, म्हणून चिठ्ठ्या तेवढ्या तिनं अलगद सोडवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टोचून ठेवल्या होत्या. काय झालं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. निदान काहीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून मी त्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, एक ते एक्केचाळीस अशा लावल्या आणि दोऱ्यानं बांधून मास्तरांच्या उशीवर ठेवल्या.

मास्तर तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी फळी पाहिली, बाटल्या पाहिल्या, मला पाहिलं. मी जे घडलं ते सांगितलं. ते खाटेवर बसले. काकी दारात आली तेव्हा तिला म्हणाले, "भात कसा झाला होता?"

"मस्त," काकी म्हणाली. तिच्यामागे दारात पाच-सहा बाया उभ्या होत्या. "मास्तर, या इचारून राहिल्या. आमी खाल्लं ते सारं बोडीतलंच होतं ना गा? नांगराचं तं नव्हतं?"

मास्तरांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि एकेक उलटू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. पाचवी चिठ्ठी : शेतातला करगा. अकरावी : शेतातला करगा. अशा नऊ. बाहेर कुठल्या तरी इंजिनानं शिटी दिली आणि काकीचा पदर हातातच राहिला. मास्तरांनी गठ्ठा पुन्हा बांधला.

"बोडीतलंच होतं, काकी. सारं."

बाया घरी गेल्या. मास्तर तोंड धुवायला विहिरीवर गेले ते बराच वेळ तिथेच होते. आल्यावर मी म्हणालो, "तुम्ही खोटं बोललात." ते म्हणाले, "एकवीस बाया आहेत, गुरुजी. अन् लेकरं तं त्याहून जास्त." छत्रीची मोडकी काडीसुद्धा न लपवणारा हा माणूस. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो : मला वाटलं, आपण या माणसाच्या खोलीत राहायच्या लायकीचे नाही.

ते बी मास्तरांच्या परीक्षेचं होतं हे कळल्यावर काकीनं रडारड केली नाही. "आमी खाल्लं, आमीच भरून देऊ," एवढंच म्हणाली. कार्तिक आला तसं तिनं मला ओसरीवर बसवून चिठ्ठ्या वाचायला लावल्या. कुठल्या चिठ्ठीला कुठली बोडी ते तिला पाठ करायचं होतं. बत्तीस ठिकाणी मी खरं वाचलं. नऊ ठिकाणी मी खोकलो आणि सुचेल त्या बोडीचं नाव घेतलं. काकी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघे, मग म्हणे, "पुढची वाचा."

पसहरचे दाणे हात लागताच पाण्यात गळतात. म्हणून लोंब्या आधीच जुड्यांनी बांधून ठेवतात आणि पहाटेच्या दवात टोपलीत झोडतात. दर रविवारी एकवीस बाया टोपल्या घेऊन निघत आणि मास्तर सायकल घरी ठेवून त्यांच्यामागे चालत. बोड्या भरभर होत गेल्या. पण करगाही त्याच आठवड्यांत पिकतो, आणि तो आणायचा तर त्याच नऊ गावांतल्या त्याच बांध्यांतून आणायला हवा होता, कारण प्रबंधातली मापं तिथली होती. आठवडाभर शाळा आणि रविवारी एकवीस बाया. काकीच्या देखत मास्तरांनी शेतात वाकून करगा तोडला असता तर "हा कायले?" असं तिनं विचारलंच असतं, आणि मग श्रावणातलं सगळं बाहेर आलं असतं.

एका रविवारी मी म्हणालो, मी आणतो. तिरोड्याजवळच्या एका बांधीतून मी मोठ्या कष्टानं एक जुडी आणली. मास्तरांनी ती उलटसुलट पाहिली. "हे धान आहे, गुरुजी. चांगलं धान आहे. कोनाचं?" ज्याचं होतं तो शेतकरी माझ्या मागे नाल्यापर्यंत आला होता, आणि त्यानं वापरलेले शब्द मी वर्गात शिकवत नाही. मास्तर सोडले तर करगा अचूक ओळखणारं आमच्या माहितीत एकच माणूस होतं, काकी, आणि नेमकं तिलाच विचारायची सोय नव्हती.

शेवटी एक्केचाळीस बाटल्या भरल्या, सगळ्यांत पसहर. मी व्यवहारी माणूस. म्हणालो, "नऊ बाटल्यांवर करग्याच्या चिठ्ठ्या लावून द्या. तिथं कोण ओळखणार आहे?" मास्तर म्हणाले, "कोनीच नाही. म्हणून तं लावता येत नाही." त्यांनी करग्याचं प्रकरण, म्हणजे जवळजवळ अर्धा प्रबंध, काढून टाकलं आणि इंग्रजीत एक ओळ लिहिली की नऊ नमुने घरगुती कारणानं नष्ट झाले. बत्तीस बाटल्या पेंढ्यात गुंडाळून ते डिसेंबरात नागपूरला देऊन आले.

पदवी मिळाली. पदक दुसऱ्याच एका तरुणाला मिळालं. मास्तरांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली आणि खाली लिहिलं, 'शेरा : निवड योग्य.' जानेवारीत ते पस्तीस वर्षांचे झाले. एप्रिलमध्ये नेहमीचं पत्र आलं. जुलैत मात्र यायचं ते पत्र आलं नाही. गावात लोक त्यांना आता डॉक्टरसाहेब म्हणू लागले होते आणि डॉक्टरसाहेब सगळीकडे अर्ज करत होते. श्रावणात चांद्याकडच्या एका शाळेत त्यांना जागा मिळाली, तीही हंगामीच.

ते निघायला चार दिवस होते आणि पुन्हा छठ आली होती. काकी सुपात पसहर पाखडत होती आणि मी चहाची वाट पाहत बसलो होतो.

"मागच्या साली मास्तरचं पसहर गोड होतं," ती म्हणाली. "पन त्यात करगा बी भरून ठेवला होता बाप्पा त्यानं. नऊ बाटल्या."

मी म्हणालो, "मग? ते खाल्लं तुम्ही?"

"उपासाले करगा कोन खाईन? एकेक बाटली सुपात घातली ना म्या. पसहर सळसळते, करगा खडखडते. आवाजच निराळा. चुलीत टाकला सारा. करगा घरात ठेवत नाही, उडून बांधीत जाते."

"मग तेव्हा मास्तरांना का विचारलंत, सगळं बोडीतलं होतं का म्हणून?"

"खाल्लं ते बोडीतलंच होतं ना. पन या बायाइचा माज्यावर भरोसा नव्हता, त्याइले शिकलेल्याच्या तोंडून पाहिजे होतं. अन् करगा भेटला म्हणून चारचौघीत कशी सांगू? मास्तरनं चुकून भरला असंन. त्याची इज्जत गेली असती." मग तिनं सूप खाली ठेवलं. "करग्याच्या चिठ्ठ्या तं म्या अलग खिळ्याले लावल्या होत्या. तुमीच नाही का काढल्या, गुरुजी?"

मी भिंतीकडे पाहिलं. दोन्ही खिळे तिथेच होते. वाचता न येणाऱ्या बाईनं एक्केचाळीस बाटल्यांतून नऊ वेगळ्या काढल्या होत्या, न चुकता. मास्तर तीन वर्षं भिंगातून जे शोधत होते ते या भिंतीवर एक दिवस टांगलेलं होतं आणि मी ते आवरून ठेवलं. ते दोन खिळे मास्तरांनी पाहिले असते तर काकीला विचारलं असतं, सूप समोर घेऊन बसले असते, आणि काकीच्या मदतीनं उघडपणे करगा आणून ते प्रकरण पूर्ण केलं असतं. मला चहा गेला नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. धानाच्या रांगेत उभं राहून धानापेक्षा जास्त डुलणारा कोण, ते मला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मास्तर ट्रंक भरत होते तेव्हा मी सगळं सांगितलं, दोन्ही खिळ्यांसकट, आणि खरा करगा मीच हेही. त्यांच्या हातात एक सदरा होता, तो त्यांनी तीनदा घडी केला.

"म्हणजे काकीले म्या खरंच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"जनमात एकदा खोटं बोललो, गुरुजी. तेबी जमलं नाही."

मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकीसमोर मांडी घालून बसले. काकी पाखडत राहिली आणि डॉक्टरसाहेब डोळे मिटून, कान सुपाजवळ नेऊन ऐकत राहिले. पुढे कार्तिकात रजा काढून ते परत आले, दोन्हीच्या बाटल्या चिठ्ठ्यांवाचून काकीसमोर ठेवल्या, आणि काकीची एकही चुकली नाही. एका शेतकी मासिकात त्यावर दोन पानं छापून आली. त्यात 'ओळखणारी' या शब्दापुढे काकीचं पूर्ण नाव होतं. पदकाची वयोमर्यादा तेव्हा उलटून गेली होती. त्या खोलीत मी एकूण अकरा वर्षं राहिलो, आणि पेपर तपासताना कोणी काही विचारलं तर आधी मान वर करायची, एवढं मात्र मी तिथं शिकलो.

मास्तर निघाले त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी त्यांना चांद्याच्या छोट्या गाडीवर पोचवायला गेलो. गाडी सुटायच्या आधी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. मलाही भरून आलं. परत येताना बाजारातले लोक माझ्याकडे पाहून हसत होते, पण मराठीच्या शिक्षकाला गोंदियात त्याची सवय असते.

काकी दारातच उभी होती. तिनं मला वळवलं आणि माझ्या कोटाच्या पाठीला टाचणीनं लावलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "वाचा," म्हणाली.

मी वाचली. "क्रमांक ४२. नाव : गुरुजी. स्थळ : काकीचं घर, गोंदिया. ओळखणारी : काकी. शेरा : करगा नव्हे."

"हो," काकी म्हणाली. "काल इचारून गेला तो मले. म्या म्हटलं, नाही गा, धानच आहे. जेवाले बसा आता."